विषाचा थेंब आणि आपले दायित्व

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती. फवारा थेट तोंडावर येत होता. किडी आटोक्यात येईनात, म्हणून अनेक ठिकाणी दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळली गेली. अंगात साधा सदरा, वर उकाडा आणि घाम. विष श्वासातून गेले, तसेच त्वचेतूनही गेले.

आपण त्याला 'औषध' म्हणतो. मोनोक्रोटोफॉससारखी द्रव्ये मज्जातंतूंचा संदेश आवरणारे विकर निकामी करतात. हे विकर अळीच्या शरीरात असते, पाखराच्या असते आणि माणसाच्याही असते. विष आपपरभाव जाणत नाही. १९९५-९६मध्ये अर्जेंटिनात याच द्रव्याची फवारणी झालेल्या शेतांत टोळ वेचणारे हजारो ससाणे मेले. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या गंडामन गावी शाळेच्या भोजनात हेच विष मिसळले गेले आणि २३ बालके प्राणास मुकली.

फवाऱ्याने मित्रकीटकही मरतात. ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे शेताचे बिनपगारी राखणदार. ते गेले की कीड अधिक जोमाने उलटते, मात्रा वाढते आणि कर्जही वाढते.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतील विषाचे अंश आपण प्रयोगशाळेत तपासून घेतो. ते योग्यच आहे. परंतु परक्या ग्राहकासाठी जी दक्षता, ती आपल्या मजुरासाठी का नसावी? कीटकनाशक कायदा १९६८चा आहे. डब्यावरील लाल त्रिकोण अतिविषारी द्रव्याचा इशारा देतो. पण अक्षरओळख नसलेल्या मजुराला त्याचा अर्थ कोणी सांगायचा?

तो आपण सांगावा. गावी जाल तेव्हा हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याच्या दिशेने फवारणी आणि नंतर साबणाने स्नान यांविषयी बोला. चक्कर, लाळ, अंधुक दृष्टी दिसताच रुग्णासोबत तो डबाही, किमान त्याचे वेष्टन, दवाखान्यात न्यावे, हे सांगा. कामगंध सापळे, पक्षीथांबे, निंबोळी अर्क, फरदड टाळणे हे उपाय आधी. विष अगदी शेवटी.

अन्नदात्याला आपण वंदन करतो. त्याचा श्वास सुरक्षित राखणे, हे त्या वंदनाचे पहिले कर्तव्य होय.