छायाचित्रांच्या डागडुजीपूर्वी
(मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



आपल्या घरोघरी पत्र्याच्या पेट्यांतून पिवळी पडत चाललेली छायाचित्रे संगणकावर उतरवून त्यांची डागडुजी करण्याची हौस आता जबलपुरातही रुजली आहे. तिचे मी स्वागतच करतो. मात्र फोटोशॉप किंवा गिंप यांतील 'प्रेफरन्सेस' नावाचे जे दालन न उघडताच आपण कामाला लागतो, त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. विनामूल्य मिळणारे गिंप १९९६ साली. दोहोंच्या कर्त्यांनी अनेक गोष्टी आपल्या वतीने आधीच ठरवून ठेवल्या आहेत, पण त्या आपली छायाचित्रे पाहून नव्हेत.

मागे किती पावले परतता यावे, हेच पाहा. फोटोशॉपने ही मर्यादा पूर्वी २० ठेवली होती, पुढे ती ५० झाली. ओरखडे बुजविताना कुंचल्याचा एकेक फटकारा म्हणजे एकेक पाऊल. पन्नास फटकारे काही मिनिटांत संपतात. आजीच्या हनुवटीवरचे गोंदण डाग समजून पुसले गेले आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ते तासाभराने ओळखले, तर परतीची वाट बंद झालेली असते. हा आकडा हजारापर्यंत वाढविता येतो. संगणकाच्या स्मरणशक्तीवर त्याचा भार पडतो, तो सोसावा. त्याहून बरे म्हणजे दुरुस्ती वेगळ्या थरावर करावी आणि मूळ प्रतीस हातच लावू नये. जेपेग प्रत दुरुस्त करून पुनःपुन्हा साठविली की दर खेपेस थोडी झिजते. म्हणून मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी.

आता रंगांविषयी. एसआरजीबी ही रंगमर्यादा १९९६ साली पुढे आली, तिच्याहून विस्तृत अशी अडोबी आरजीबी १९९८ साली. एकीतले चित्र दुसरीतले समजून उघडले तर रंग बिघडतात. म्हणून अशा वेळी 'आधी विचारा' ही खूण करून ठेवावी. आपोआप रंग सुधारणाऱ्या आज्ञेपासून तर चार हात दूर राहावे. भेडाघाटचा संगमरवर कोठे दुधी, कोठे निळसर, कोठे पिवळसर. ती छटा दोष मानून यंत्र सगळा कडा एकसारखा पांढरा करून टाकते! पडद्याची पार्श्वभूमीही काळी ठेवू नये, मध्यम करडी ठेवावी. काळ्या चौकटीत चित्र उजळ भासते, आणि छापून हाती येते ते काळवंडलेले.

मार्च १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे एखादे छायाचित्र कोणाच्या संग्रही असेल, तर त्याचा तपकिरी रंग घालविण्यापूर्वी थांबावे. तो रंग नेहमीच वयाचा नसतो. त्या काळी छायाचित्रकार चित्र टिकावे म्हणून तो मुद्दाम चढवीत. मागची बाजूही उतरवून घ्यावी. स्टुडिओचा शिक्का, कोणाच्या तरी हातची नावे तेथेच सापडतात, आणि ती वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

मंडळाचा संग्रह चौघांनी मिळून करावयाचा झाल्यास चौघांच्या संगणकांवर या निवडी सारख्याच असाव्यात. त्या वहीत लिहून ठेवाव्यात. कारण फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट या तीन कळा एकदम दाबून संमती दिली की आपण ठरविलेले सारे पुसले जाऊन कर्त्यांनी ठरविलेले परत येते.