परवाना आणि पुरावा

ज्यांचीं मुलें विलायतेंत आहेत अशीं घरें आज पुण्यामुंबईंत थोडीं नाहींत. तिकडून फोन आला म्हणजे हवापाण्याच्या नि नातवंडांच्या गोष्टी झाल्यावर एक विषय हटकून निघतो : "मुदत कधीं संपते? वाढवून मिळाली का?" ब्रिटनमधील रहिवासाच्या परवान्यांत व त्याच्या मुदतवाढींत अलीकडे जो पालट झाला, त्याविषयीं मी आज थोडें बोलणार आहें.

२००८ सालापासून परदेशीय रहिवाशांना तेथें एक कार्ड मिळूं लागलें. त्यावर छायाचित्र, नांव, रहिवासाची मुदत, आणि नोकरीची मोकळीक आहे कीं नाहीं, हें छापलेलें असे. मुदत वाढली कीं नवें कार्ड यावयाचें. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून नवीं कार्डें निघेनाशीं झालीं. ज्यांचा हक्क पुढें कित्येक वर्षें चालणारा होता त्यांच्याहि बहुतेक कार्डांवर ३१ डिसेंबर २०२४ हीच अखेरची तारीख होती. आतां त्या जागीं ई-व्हिसा आला आहे. तो हातांत धरतां येत नाहीं. सरकारी संकेतस्थळावर प्रत्येकानें आपलें खातें उघडावें, आणि घरमालकानें पुरावा मागितला कीं खात्यांतून नऊ अक्षरांचा एक संकेत काढून त्याला द्यावा. तो ९० दिवस चालतो.

ह्यांत सोय नाहीं असें कोण म्हणेल? कार्ड हरवण्याचें भय गेलें. पुष्कळांना अर्जासाठीं कचेरींतहि जावें लागत नाहीं. मोबाईलच पासपोर्ट वाचतो आणि चेहरा पाहतो. मात्र नवा पासपोर्ट काढल्यावर तो खात्याला जोडावयास विसरूं नये, नाहीं तर ऐन विमानतळावर खोळंबा व्हावयाचा.

खरी अडचण निराळ्याच ठिकाणीं आहे. जुनी मुदत संपली आणि नव्या अर्जाचा निकाल अजून लागला नाहीं, ह्या मधल्या काळांत मनुष्याची स्थिति काय? कायद्याचें उत्तर स्वच्छ आहे. १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टांतील ३-सी कलमाप्रमाणें, मुदत संपण्यापूर्वीं अर्ज गेला असेल तर जुनी परवानगी त्याच अटींवर निकालापर्यंत चालू राहते. एका दिवसाचा उशीर झाला तरी हें कलम उपयोगी पडत नाहीं. शिवाय अर्ज पडून असतां मनुष्य हिंदुस्थानांत येऊन गेला, तर तो अर्ज मागें घेतला असें समजलें जातें. बहिणीचें लग्न असो कीं वडिलांचें आजारपण असो! इकडच्या वडीलमाणसांना हें ठाऊक नसतें, आणि "चार दिवस यावयाला ह्याला काय झालें?" असा रुसवा उगाच होतो.

बरें, हक्क कायद्यानें चालू राहिला; तो दाखवावयाचा कसा? २०१४ व २०१६ च्या कायद्यांनीं घरमालकांवर व बँकांवर तपासणीचा भार घातला, नोकरी देणाऱ्यांवरचा वाढविला. बिचारा घरमालक कलमें कशाला वाचील? तो तारीख पाहतो आणि मान हलवितो. जून २०२४ मध्यें लंडनच्या हायकोर्टानें असा निर्णय दिला कीं, ३-सी खालीं असलेल्या लोकांना त्यांच्या हक्काचा पुरावा न पुरविणें हें गृहखात्याचें वर्तन बेकायदेशीर होय.

ही भीति काल्पनिक नव्हे. १९४८ च्या जूनमध्यें 'एम्पायर विंडरश' ही बोट कॅरिबियन बेटांतील लोकांना घेऊन टिल्बरीस लागली. पुढें वसाहतींतून पुष्कळ कुटुंबें आलीं. १ जानेवारी १९७३ पूर्वीं स्थायिक झालेल्यांचा हक्क कायद्यानें मान्य केला, परंतु त्याचा कागद कित्येकांना मिळालाच नाहीं. २०१० मध्यें गृहखात्यानें त्यांचीं जुनीं आगमन-कार्डें नष्ट केलीं. लहानपणीं आलेलीं माणसें म्हातारपणीं परकीं ठरलीं. कोणाची नोकरी गेली, कोणाला देशाबाहेर घालविलें. २०१८ मध्यें पंतप्रधान थेरेसा मे ह्यांनीं क्षमा मागितली. त्या लोकांचा हक्क एक दिवसहि गेलेला नव्हता.

निकाल रखडला आणि नोकरीवर प्रश्न आला, तर मालकाला गृहखात्याकडे परस्पर चौकशी करतां येते. तिचें होकारार्थी उत्तर सहा महिने चालतें. हें कित्येक मालकांनाच ठाऊक नसतें; तेव्हां मुलानें तें आपण होऊन सांगावें. पुढच्या फोनला मुदतीची चौकशी कराल, तेव्हां अर्ज तारखेच्या आंत गेला ना, आणि त्याची पोंच कागदावर छापून ठेवली आहे ना, एवढें विचारा.