इस्त्रीने उमटवलेलं सर्किट



पाण्याची टाकी भरली की आपोआप वाजणारा भोंगा गटात बनवता येतो. त्याला लागतं थोडंच : एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, छोटा बझर आणि 9 व्होल्टची बॅटरी. टाकीत वर सोडलेल्या दोन तारांना पाणी टेकलं की बझर वाजतो. हे भाग पक्के बसवायला तांब्याच्या रेघांची पट्टी लागते. तिला पीसीबी म्हणतात. ती घरी कशी करायची, ते आज सांगते.

लेझर प्रिंटरची काळी पूड, म्हणजे टोनर, हे बारीक प्लास्टिक असतं. तापलं की ते वितळून तांब्याला चिकटतं. बाटिकमध्ये मेणाखाली रंग चढत नाही ना, तसंच टोनरखालचं तांबं रसायनापासून वाचतं आणि उघडं तांबं विरघळून जातं.

गुळगुळीत, चकचकीत कागदावर सर्किटचा आराखडा आरशात दिसतो तसा उलटा छापून घ्या. कागद पालथा घातल्यावर तो सुलट उमटतो. शाईचा इंकजेट प्रिंटर इथे चालत नाही. तांब्याचा पत्रा लावलेली कोरी पट्टी दुकानात मिळते. ती बारीक पॉलिशपेपरने घासून धुवा, कोरडी करा, मग बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा राहिला तर टोनर धरत नाही. त्यावर कागद पालथा ठेवून, सुती कपड्यांसाठी तापवतो तशी गरम, बिनवाफेची इस्त्री तीन-चार मिनिटं दाबून फिरवा. पट्टी निवली की पाण्यात भिजवा आणि कागद अंगठ्याने हलकेच चोळून काढा. रेघ तुटली असेल तर पक्क्या शाईच्या मार्करने जोडा.

पुढचं काम जपून करायचं. फेरिक क्लोराइड पाण्यात थोडं थोडं टाका. पुडीवर पाणी ओतू नका. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. भांडं प्लास्टिकचंच घ्या, कारण हे रसायन स्टील आणि ॲल्युमिनियमही खातं. ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. पट्टी त्यात हलवत राहा. उघडं तांबं दिसेनासं झालं की काढून धुवा, टोनर घासून टाका, 1 मिलिमीटरची भोकं पाडा आणि भाग डाखून घ्या. डाखात शिसं असू शकतं, म्हणून नंतर साबणाने हात धुवा.

उरलेलं द्रावण पुन्हा वापरता येतं. प्लास्टिकच्या बाटलीत भरून, वर ठळक नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. त्यात तांबं विरघळलेलं असतं. ते मोरीत, शेतात, विहिरीजवळ कधीही ओतायचं नाही. निकामी झालं की घातक कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्यायचं. पाणी वाचवायला बसवलेल्या भोंग्यापायी विहिरीचं पाणी नासायला नको.

आणि एक : घरगुती पट्टी बॅटरीवरच चालवा, घरच्या 230 व्होल्टच्या विजेला जोडू नका. पहिली पट्टी काडेपेटीएवढीच करा. हात बसला की मोठी जमेल.