अंगणातील वृक्ष आणि मालकाचे कर्तव्य

(भोपाळ येथील महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घराच्या पुनर्बांधणीचा विचार निघाला की अंगणातील जुना आंबा किंवा कडुनिंब प्रथम आड येतो. ‘झाड आमच्या आजोबांनी लावलेले, जमीन आमची, मग परवानगी कोणाची मागावयाची?’ असे आपल्यांपैकी पुष्कळजण विचारतात. मध्य प्रदेशाच्या 2001 च्या नागरी वृक्षसंरक्षण अधिनियमाचे उत्तर स्पष्ट आहे. झाड खासगी आवारात असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून ते तोडता येत नाही. परवानगी मिळाली तरी मोबदल्यात नवी झाडे लावण्याचे बंधन मागे राहतेच.

महाजनांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. देवस्थानची मालमत्ता आपली म्हणून आपण मिरवितो. परंतु 1933 च्या नियमावलीने ती आपणांस मन मानेल तशी विकण्याची मोकळीक दिलेली नाही. अंगणातील वृक्षाचेही तसेच समजावे.

आपल्या गोव्यात 1984 पासून असा कायदा आहे. त्यात ‘तोडणे’ या शब्दाचा अर्थ केवळ कुऱ्हाड घालणे एवढाच नाही. बुंध्याची साल वर्तुळाकार सोलणे, जाळणे, विषारी द्रव्य घालणे हेही त्यात येते. रात्री मुळाशी काहीतरी ओतून सकाळी ‘झाड आपोआप वाळले’ म्हणणाऱ्यांची सोय कायदा करणाऱ्यांनी ओळखली होती! याच कायद्याच्या व्याख्येतून 2016 साली माड वगळला गेला. ज्याच्या फळावाचून आपले एकही देवकार्य होत नाही, तो माड कायद्याने वृक्ष उरला नाही. लोकांनी ओरड केली आणि 2017 साली विधानसभेने त्यास पुन्हा वृक्षांत आणून बसविले.

दंडाची भीतीही सांगितली पाहिजे. वृंदावनाजवळ 2024 साली 454 झाडे तोडली गेली. त्यांतील बहुतेक खासगी जमिनीवरची होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये प्रत्येक झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला.

भोपाळात 2024 च्या जूनमध्ये शिवाजीनगर व तुलसीनगर येथील सुमारे 29,000 झाडांवर मंत्री-आमदारांच्या निवासांसाठी गदा येणार होती. नागरिकांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि शासनाने बेत मागे घेतला. सरकारी झाडासाठी रस्त्यावर उतरावयाचे आणि स्वतःच्या आवारातील निंब गुपचूप पाडावयाचा, हे मला तरी पटत नाही.

जन्मभर कारकुनी केली म्हणून एक सूचना करतो. अर्ज लेखीच द्यावा, झाडाची छायाचित्रे जोडावीत आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी होकारावर करवत चालवू नये.

आता निगेविषयी. अंगण स्वच्छ दिसावे म्हणून बुंध्यापर्यंत सिमेंट ओतण्याची रीत बोकाळली आहे. त्याने मुळांस पाणी व हवा मिळत नाही आणि झाड हळूहळू खंगते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्यास सांगितले. ते माप आपणही पाळावे. भोपाळची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. म्हणून वड-पिंपळ भिंतीलगत लावू नयेत आणि नवे रोप पहिला चांगला पाऊस मुरल्यावरच लावावे. सुरंगी येथे रुजेल असे मला वाटत नाही; पण येथील लोक जिला मौलश्री म्हणतात ती आपली ओवळच. तिला पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात नियमाने पाणी द्यावे लागते. पुढे पूजेची फुले घरचीच मिळतात.