गाण्याचे औषध: मोजायचे कसे, पैसा कोठून?



बेळगावात संगीतोपचाराचा विषय निघाला की सुळेभावीचे नाव येतेच. कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, ८ एप्रिल १९२४ चा. पुढे त्यांना क्षयाने गाठले. १९४८ मध्ये ते देवासला गेले. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले होते. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. ‘गाण्यानेच त्यांना बरे केले’ असे आपल्याकडे हौसेने सांगतात. ऐकायला मलाही आवडते, पण क्षय हटवला तो स्ट्रेप्टोमायसिनने. अंथरुणावरून कानी पडलेल्या माळव्याच्या लोकगीतांनी त्यांना काय दिले, हा प्रश्न निराळा. गंमत अशी की, तसले प्रश्न तपासण्याची रीत त्याच औषधाच्या निमित्ताने रूढ झाली.

१९४८ सालीच ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. औषध थोडे, रोगी पुष्कळ. ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद पाकिटांच्या आधारे रोग्यांची वाटणी केली: ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. क्ष-किरणांची चित्रे तपासणाऱ्यांना कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४.

गाण्याला ही रीत लावताना खरी अडचण येते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेल्या, आता चार पायऱ्या चढताना धाप लागणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आणा. एकत्र गायल्याने, दम राखून ओळ पुरी केल्याने, त्यांचा श्वास सुधारेल का? एका गटाला आठवड्यातून दोनदा गाणे शिकवू. दुसऱ्याला काहीच दिले नाही तर चाचणी फसली, कारण घराबाहेर पडणे, चहा, कुणीतरी केलेली चौकशी यानेही माणसाला बरे वाटते. तेव्हा दुसऱ्या गटालाही तीच खोली, तेवढाच वेळ, तोच चहा. गाण्याऐवजी गोष्टींचे वाचन. आपण गातो की नाही, हे बायकांपासून लपवता येणार नाही. पण सहा मिनिटांत किती मीटर चालता येते, हे मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा, एवढे नक्की जमते.

मध्यम फरक पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण ६४ जणी लागतात. मध्येच गळणाऱ्या धरून ८०. गाणी कोणती? अमुक रोगावर तमुक राग, अशा याद्यांवर माझा विश्वास नाही. हरिपाठ असो की वचने, निवड त्या बायकांची. संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्येही हवे. त्यावरून इथे भांडण झाले तरी हवे.

आता पैसा. रागाचे पेटंट मिळत नाही, म्हणून औषध कंपनी इकडे फिरकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये संगीत आणि आरोग्यावरील संशोधनासाठी पाच वर्षांत २ कोटी डॉलर जाहीर केले, तेही सरकारी तिजोरीतून. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे अर्ज करता येतो, किंवा स्थानिक दाते गाठावेत. दाते हेडफोन देतात, खोली बांधून देतात. तिथे पाटी लागते. घरोघर जाऊन मोजणी करणाऱ्या मुलीचा सहा महिन्यांचा पगार मात्र कुणाला सुचत नाही, आणि सगळे तिच्यावरच अडते.

पहिली बाई दाखल होण्यापूर्वी भारतीय चाचणी नोंदवहीत नोंद करावी. तिला शुल्क नाही. उपयोग दिसला नाही तरी निकाल छापू, हे देणगीदाराकडून लेखी घ्यावे. आणि चाचणी संपल्यावर दुसऱ्या गटालाही गाण्याचे वर्ग द्यावेत. तो खर्च अर्जातच मांडावा, मागाहून कुणी देत नाही.