ब्रेकची धूळ आणि विडीचा धूर
(वारंगा फाटा येथील वाहनदुरुस्ती कारागिरांसाठी तयार केलेले भाषण)



अकोल्याकडून हिंगोलीमार्गे नांदेडला जाणारा महामार्ग आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग वारंगा फाट्यावर एकमेकांस मिळतात. जेथे मालमोटारींचा राबता, तेथे गॅरेज आलेच. चाक उतरवले की ब्रेक ड्रममधील काळसर भुकटी हवा मारून उडवायची, हा या धंद्यातील जुना परिपाठ होय. त्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेकच्या लायनरमध्ये तो अनेक दशके वापरला गेला आहे.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. त्याचे डोळ्यांस न दिसणारे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत खोल रुततात. तेथे व्रण धरून फुप्फुसे कडक होत जातात, चढ चढताना धाप लागते. या विकारास ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांच्या पाहणीत, जिचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला, पाचांमागे एकाहून अधिक कामगारांत तो आढळला.

कर्करोगाशी असलेले नाते १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी आकड्यांनिशी मांडले. इंग्लंडमधील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यात वीस वर्षे वा अधिक काम केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे दहापट दिसला. फुप्फुसे कडक झाल्यावरच कर्करोग होतो, असा समज पुढेही पुष्कळ काळ टिकला. १९९७ च्या हेलसिंकी निकषांनी मात्र दीर्घ व दाट संपर्क तेवढाही पुरेसा मानला. तेव्हा ॲस्बेस्टॉसिस नाही, म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

त्यात तंबाखूची भर. १९७९ च्या अमेरिकन अभ्यासात नुसत्या ॲस्बेस्टॉसने धोका सुमारे पाचपट, नुसत्या धूम्रपानाने सुमारे अकरापट, तर दोन्ही मिळून पन्नासपटीहून अधिक आढळला. ही साधी बेरीज नव्हे. विडी पेटवणाऱ्या फिटरने हा हिशेब जरूर मनात आणावा.

रोग दिसू लागण्यास वीस ते चाळीस वर्षे लागतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ अधिक तोवर जपण्यास फर्मावले. रस्त्याकडेच्या गॅरेजात हजेरीपटच नसतो, मग नोंद कोठली? त्यामुळे दम लागू लागल्यावर क्षय वा दमा समजून औषधे सुरू होण्यापूर्वी, किती वर्षे ब्रेकचे काम केले हे कारागिरानेच डॉक्टरांना सांगावे लागते.

तोवर ड्रमला हवा मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे, फडके ओले असतानाच पिशवीत बांधावे आणि कामाचे कपडे घरी नेऊन झटकू नयेत.