ओझे दिसले पाहिजे



हमालांच्या संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण विषय ओझ्याचाच आहे. बंदरावर पोते वाहणाऱ्या हमालाला आपल्या पाठीवर काय आहे हे सांगावे लागत नाही. ते त्याच्या मणक्याला कळते. संगणकावर माऊसचे बटण दाबून धरून फाईल ओढताना हाताला वजनच लागत नाही. एक उचलली की चाळीस, कळायला मार्ग नाही. म्हणून बाणाबरोबर त्या फाईलचे फिकट चित्र सरकताना दाखवतात. हाताचे काम तिथे डोळ्याला करावे लागते.

हे चित्र पहिल्यापासून नव्हते. १९८४ च्या मॅकिंटॉशची स्मृती अवघी १२८ किलोबाइट. त्यावर चिन्ह ओढताना नुसती बाह्यरेषा सरके. विंडोज ९५ मध्येही खिडकी ओढताना रिकामी चौकट दिसे, आणि मजकुरासकट खिडकी सरकताना पाहायची तर 'प्लस' नावाचा वेगळा संच विकत घ्यावा लागे. दिसण्याचेही वेगळे पैसे!

पण हातात काय आहे एवढे दाखवून भागत नाही. सोडल्यावर त्याचे काय होणार, हेही आधी दिसले पाहिजे. विंडोजमध्ये फाईल त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरात ओढली तर ती मूळ जागेवरून हलते. पेनड्राइव्हवर ओढली तर तिची नक्कल होते. हालचाल एक, परिणाम दोन. अलीकडे बाणापाशी नगांचा आकडा आणि हलवणार की नक्कल करणार हे शब्द दिसतात, ही सुधारणा मी मोठी मानतो. यादीतला क्रम बदलताना वस्तू बसेल तिथे रेघ उमटावी. चित्र मात्र फिकटच हवे, नाहीतर खालची जागाच झाकली जाते.

एका कचेरीतली कंत्राटी मुलगी आमच्याकडे आली होती. तिच्या हातून एक फोल्डर शेजारच्या फोल्डरात पडले; दोन दिवस कागद सापडेनात, आणि मेमो मिळाला तिला. त्या कचेरीच्या प्रोग्रामात ओढताना काहीच दिसत नसे, याची चौकशी कोणी केली नाही. आम्ही उत्तरात तेवढेच लिहिले, आणि मागणी केली की नवा प्रोग्राम घेण्याआधी तो चालवणाऱ्यांना आठवडाभर त्यावर बसवा; ओढताना काय दिसते, मध्येच एस्केप दाबून सोडून देता येते का, हे त्यांना विचारा. मेमो मागे घेतला गेला. मागणीला अजून उत्तर आलेले नाही. पुढल्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत.